झारेकऱ्याची परात

पहाटे साडेपाचचा झवेरी बाजार म्हणजे
बंद शटरांची रांग आणि एक खराटा.
दस्तगीर झारेकरी, मूळ मिरजेचा,
गटाराच्या कडेला उकिडवा बसून
काल दिवसभराची धूळ परातीत गोल फिरवतो.
वरचं गढूळ वाहून जातं.
जड तेवढं राहतं.

लोक सोन्यासाठी डोंगर फोडतात, नद्या चाळतात;
या शहरानं बसल्या जागी खाण काढली:
कारागिरांच्या केसांत, बनियनच्या घामात,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या भेगेत.

मी आलोय एक कागद घेऊन.
आमचे सोकरजी, पणजोबांचे वडील,
कुलाब्याला कापसाच्या गासड्या मोजायचे.
तिकडे अमेरिकेत भाऊ भावावर बंदूक धरून होता
म्हणून इकडे कापसाला भाव होता.
लोकांनी गाद्या उसवल्या म्हणे,
उशीतला कापूससुद्धा विकला,
आणि नुसत्या फळीवर झोपून
पैसे मोजायची स्वप्नं बघितली.

मग एक कंपनी निघाली. ती समुद्र बुजवणार होती.
सोकरजींनी समुद्राचे दोन भाग घेतले,
भरतीच्या वेळी पुरुषभर पाणी असलेल्या जमिनीचे.
त्यासाठी मथूबाईंची पुतळ्यांची माळ
याच बाजारात मोडली.
"दिवाळीला दुप्पट घालीन गळ्यात."

दिवाळीआधी तिकडची लढाई संपली.
घरात कोणी मोठ्यानं रडलं नाही.
मथूबाई तेवढ्या
पदर गळ्याभोवती घेऊ लागल्या, तो कायमचा.

समुद्र नंतर बुजला. दुसऱ्यांनी बुजवला.
तिथल्या फ्लॅटचे भाव मी पेपरात वाचतो,
वाचता वाचता चहा निवतो.

कागद मात्र टिकला, रेशनकार्डाच्या पिशवीत.
कोपऱ्यात जहाज, खाली फिकी निळी सही.
हेरिटेज म्हणतात आता त्याला.
एक जण सात हजार देतो म्हणाला,
काच आणि चौकट त्याची.

दस्तगीर कागद उजेडाकडे धरतो. हुंगतो.
"जाळला तर नुसती राख.
सोनाराचा पाट आणा, चाळीस वर्षं बसलेला,
फाटकं जाजम आणा, पायपुसणं आणा.
ज्यावर सोनं सांडलं ते परत देतं.
ज्यावर नुसतं लिहिलं, ते नाही देत."

विचारू नये ते विचारतो मी:
तेव्हा मोडलेल्या माळेचा एखादा कण
अजून असेल का हो, इथल्या मातीत?

तो हसत नाही.
"सोनं कुठं जातंय साहेब. माणसं जातात.
पण कुणाचं, ते विचारायचं नाही त्याला.
पारा लागला की सगळ्यांची एकच गोळी."

परात कलती करतो. काठाशी एक पिवळी रेघ,
नखाच्या कोरीएवढीही नाही.
मी बोट टेकवतो.
हीच असेल. किंवा कालच्याच
कुणाच्या साखरपुड्याच्या अंगठीचा कीस.

शटरं वाजू लागतात. कुठंतरी उदबत्ती.
कागदाची घडी खिशात घालून मी उठतो,
चार पावलं जातो,
तर मागून हाक.

दस्तगीरनं परात पुढं केलेली असते.
"बोट इथं धुवा आधी."