तिसऱ्या अंकातलं हसू

एकोणीस हिवाळे मी जैवंताबाई होते.
मंडई लागली की धान कापलेल्या बांधीत
खड्डा खणून, त्याच मातीचा मंच करून,
काळं लुगडं, पितळेची नथ
आणि तिसऱ्या अंकात ते हसू.

तलावाची पाळ तीनदा फुटते.
चौथ्यांदा मालगुजारीण म्हणते,
"पाळीला लेकरू पाहिजे."
मग मी हसायची.
पेटीवर बाळकू नेवारे सूर धरून ठेवायचा
माझा दम संपेपर्यंत.

किन्हाळ्याला एका म्हातारीनं चप्पल फेकून मारली.
ठेकेदारानं ती जपून ठेवली,
म्हणाला, हे तुझं बक्षीस.
माझ्याच गल्लीत
पोरगं जेवत नसलं की बाया म्हणत,
जेव रे, नाही तं जैवंता येते,
आणि बघत माझ्या दाराकडे.

मागच्या साली सिनेमावाले आले.
बोडीच्या पाळीवर रूळ टाकले,
गावातल्या पन्नास जणांना चिखल तुडवायला
तीनशे रुपये रोज दिला.
डायरेक्टर बाई भली होती,
माझ्या ओसरीत बसून कोरा चहा प्याली.
म्हणाली, ती तशी नव्हतीच हो.
कागद सापडलेत.
दिराला पाणी विकायचं होतं,
हिनं शेवटल्या बांधीपर्यंत फुकट सोडलं.
मग त्यानं भाटाला दोन खंडी धान दिलं
आणि हिच्या नावाचं गाणं करून घेतलं.

मी म्हटलं, होय का जी.
दुसरं काय म्हणणार?
त्या दोन खंड्यांवर
एकोणीस हिवाळे जेवले मी.

शाळेच्या पटांगणात पडदा बांधला, खाली तणस.
पडद्यावरची जैवंताबाई गोरी, बारीक हाडाची,
रडताना तिचं नाक लाल होत नव्हतं.
सगळी पंचायत बोट दाखवते
आणि ती काहीच बोलत नाही,
तेव्हा माझ्या बाजूची कौतिका हमसून रडली.
मीही रडले, लपवत नाही.
इतक्या वर्षांत मला सुचलंच नव्हतं
की ती गप्पही राहू शकते.

पण पाळ.
सिनेमातही पाळ फुटते.
मग पाऊस, मग ढोल,
मग पाळ उभी, पाण्यावर ऊन,
बाई हात जोडते.
लोक टाळ्या वाजवत उठले,
मी तणसावर बसून राहिले.

लेकरू?

आमच्या नाटकात ते चिंध्यांचं असायचं,
कपाळावर शेंदूर.
पण त्याला आई होती.
बिरजा. मातीची पाटी वाहणारी.
चार ओळींचं काम, नवी पोरगी असली की तिला देत.
ती ओरडायची तेव्हा
शेंगा फोडणारे हात थांबायचे.

सिनेमात बिरजा नव्हती.
खोटं गाणं पुसलं, त्यात तीही पुसली गेली असेल.
लेकरू गेलंच नाही, असं कागद म्हणतात.
म्हणत असतील.
पाळीवर माती टाकणाऱ्यांची हजेरी
त्या कागदात आहे का,
एवढंच विचारायचं होतं;
तोवर बाईची गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली.

आता ठेकेदार डोकं धरून बसलाय.
यंदा तिसऱ्या अंकाचं करायचं काय?
लोकाईले हसू पाहिजे का रडू?
मी म्हटलं, जैवंताचं काम दे कोणालाही,
काळं लुगडं पेटीत आहे,
नथीचा फासा ढिला झालाय, सांभाळून म्हणावं.
मला बिरजा दे.

तो हसला. या वयात?
चार ओळींसाठी?

ओळी पाठ आहेत.
ओरडणं बसत नाही अजून.
खूप वर्षं हसून हसून घसा
एकाच वाटेनं जातो.
म्हणून पहाटे पाळीवर जाते,
धुकं असतं तोवर.
डोंग्यातला ढीवर जाळं तसंच हातात धरून
विचारतो,
कोणाले हाका मारून राहिली व बाई?