पहाट फुकट

तेयाने माझ्या साठीला पास काढून दिला.
एका महिन्यात सात दिवस, तेहतीस देश.
नियम वाचून दाखवले, डॉक्टर पथ्य सांगतो तसे:
तारीख चढण्याआधी लिहायची, शाईनेच,
खाडाखोड झाली तर दिवस गेला.
रात्रीची गाडी सुटते त्याच तारखेत मोजतात,
पहाट फुकट.
आणि स्वतःच्या देशात दोनच प्रवास,
एक बाहेर पडायला, एक घरी यायला.
हे दोन तुझ्या बाबांनी किती हजार वेळा केले, मी म्हटलं.
ती म्हणाली, बर्थचे पैसे मात्र वेगळे.

झाग्रेब सुटलं तेव्हा उजेड होता.
डब्याच्या खणात आम्ही सहा जण.
माझा बर्थ मधला. बसावं तर डोकं आपटतं.
झ्वोनिमिर म्हणायचा, मधला बर्थ देवाने शनिवारी रात्री केला,
घाईत.

तो शयनयानात नोकरीला होता, एकोणतीस वर्षं.
संध्याकाळी जायचा, परवा सकाळी यायचा,
पडदे ओढून झोपायचा.
एकोणतीस वर्षं मी दिवसाढवळ्या घरात
चोरासारखी वावरले.
चमचा ठेवायचा तर फडक्यावर.
तेयाने हसायचं तर जिन्यात जाऊन.
एकदा चिडून विचारलं, झुरिक आहे तरी कसं?
फलाट स्वच्छ, म्हणाला,
आणि कुशीवर वळला.

डोबोवा.
पूर्वी इथे गाडी खोळंबायची,
सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या खणात,
लोक घोरत असताना तो त्यांच्या वतीने जागा.
आता थांबली, सुटली. कुणी काही विचारलं नाही.
मी उगाच पर्स चाचपली.

येसेनिसेनंतर बोगदा, कानांना दडे बसले.
खालच्या बर्थवरचा मुलगा झोपेत कुणालातरी
जर्मनमध्ये समजावत होता.
वळणावर चाकं दात खायची.
झोप नाहीच.

सकाळी यर्नेय आला, परिचर, मिशी नुकती फुटलेली.
कॉफी, पाव, टॉवेल.
टॉवेलची घडी तीन पदरी, टोक आत खोचलेलं.

मी बघतच राहिले.
घरी या घडीवरून काय भांडणं!
मी चौकोनी ठेवायची, तो उठून उलगडायचा,
तीन पदर, टोक आत.
हेकट माणूस, मी बहिणीला सांगायचे.
शेवटी दवाखान्यात बोलणं गेलं,
तरी बोटं चादरीचं टोक खोचत होती.

अशी का घालतोस रे घडी?
शिकवतात आम्हाला, यर्नेय म्हणाला,
गाडी कितीही हलली तरी उलगडत नाही.

म्हणजे ते रेल्वेचं होतं.
मग स्वतःच्याच घराचं दार दोनदा वाजवणं?
मला उठवताना नावाऐवजी वेळ सांगणं,
"सहा वीस", इतक्या हळू?
काय त्याचं होतं आणि काय गणवेशाबरोबर मिळालेलं,
आता विचारू कुणाला?
बाहेर तळं लांबत चाललं होतं,
संपेल संपेल म्हणता संपत नव्हतं.
टॉवेल मी पिशवीत टाकला.
तेयाला सांगू नका.

झुरिक. फलाट खरंच स्वच्छ.
पासवर कालचीच तारीख,
आजचा दिवस कुठेच लिहिलेला नाही.
फलाटाच्या टोकाला कर्मचाऱ्यांची खोली होती,
रात्रपाळी करून आलेल्यांची,
खिडकीचे पडदे ओढलेले.

बॅगेची चाकं मी उचलून धरली
आणि टाचा न टेकवता
पुढे गेले.