उनहत्तर

पूर्णेला थंडी रुळांवरून येते.
आधी लोखंड गार पडतं, मग पॉइंटांचे दांडे,
मग माझ्या फाटकाची साखळी,
मग माझी बोटं.
परभणीचा पारा पेपरात छापून येतो.
आमचा कुणी मोजत नाही.

सहाला ड्यूटी सुटली की लाल-हिरवी बॅटरी जमा करून
मी शेडमागं जाते, मकदूमचाचांच्या टपरीवर.
शेडमध्ये आता इंजिन नाही,
राखेच्या खड्ड्यात कडुलिंब उगवलाय,
त्याला कुणी पाणी घालत नाही, तरी तो हिरवागार.

धुतमलकाका आधीच बाकड्यावर असायचे.
कोळशाच्या इंजिनावरचे फायरमन, मग डिझेल, मग घर.
पायजम्यावर रेल्वेचा कोट,
आतल्या खिशात मिल्ट्रीवाल्या मेव्हण्याची रम,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेली.

चाचांनी जन्मात थेंब चाखला नव्हता.
पण चहा त्यांचाच.
दुधाचं पातेलं बाजूला सारायचे,
“इसमें दूद का काम नै,”
आणि कान तुटलेली पितळी किटली काढायचे,
फक्त हिवाळ्यात निघणारी.
पाणी. वजनाच्या दगडानं ठेचलेलं आलं.
लवंग एक, दोन नाही.
गवती चहाची पात, गाठ मारून.
गुळाचा खडा, काळा, जुना.
पत्ती शेवटी;
आधी टाकली की चहा कडू बोलतो.

मग किटली खाली.
बाटलीला जाळ दाखवायचा नाही:
जाळच पिऊन टाकतो,
माणसाला नुसता वास उरतो.

इथं चाचा पाठ फिरवायचे.
काका टोपणानं मोजायचे. दोन स्वतःला,
एक मला, “ड्यूटी सुटली ना गं प्रज्ञे? नक्की? मग घे.”
ग्लासावर बशी,
आणि पाठमोरे चाचा शंभरपर्यंत आकडे म्हणायचे,
त्यांच्या भाषेत, हळू.
पन्नासच्या पुढं मला एकही कळायचा नाही.
बशी उचलली की वाफ नाकातून
थेट कानाच्या पाळीत.

घरी सासूबाई विचारायच्या, काय घालतो गं तो चहात,
गालावर रंग येतो तुझ्या.
मी म्हणायची, आलं.

एकदा विचारलंच.
चाचा, तुम्ही तर घेत नाही,
मग रोज असा बरोबर कसा जमतो?
“मुं देखतूं ना तुमारा.
पैले घूट को भवां उप्पर गये तो अद्रक जास्ती.
आंखां मिच्चे तो बराबर.”
काका बघतच राहिले.
“म्हणजे एवढी वर्षं हा आपल्या तोंडाकडं बघलालाय
अन् आपण ग्लासात!”

पौष लागला आणि नांदेडचे रिपोर्ट आले.
डॉक्टरनं कागदावर आडवी रेघ मारली म्हणे,
एकच, पण जाड.

तरी काका आले.
खिसा चपटा. बाकड्यावर तीच जागा.
चाचांनी काही विचारलं नाही,
किटली चढवली, उतरवली, पाठ फिरवली,
मोजायला लागले.
काकांनी ग्लासावर बशी ठेवली.
मीही ठेवली.
टोपण कुठंच वाजलं नाही.

शंभर झाले.
काकांनी घोट घेतला.
चाचा वळून बघत होते.
भुवया वर नाही गेल्या. डोळेही मिटले नाहीत.
“लौंग?”
“दोन टाक उद्या.”

दुसऱ्या दिवशी दोन.
परवा तीन, आणि मिरे.
काल कुठूनसा दालचिनीचा तुकडा,
मुलीच्या लग्नातल्या मसाल्याच्या डब्यातला.
घसा जळतो नुसता.
काका म्हणतात, जवळ आलायस.
ते खोटं बोलतात, आणि चाचा
त्यांच्या तोंडाकडंच बघत असतात.

आजही पाठ फिरवून मोजतायत.
मधेच मालगाडी आली तर थांबतात,
बाकडं थरथरतं, बश्या वाजतात,
शेवटचा डबा फाटकापार जाऊ देतात.
मला आता सगळे आकडे कळतात.
अडसठला थांबले होते.
धूर विरला.
उनहत्तर.