कोरं करकरीत

बिटको चौकात, चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिन्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो,
नऊ वर्षांत त्याची सवय झालेली नाही.
भिंतीवर सात प्रमाणपत्रं.
सातवं या जानेवारीतलं: दोन दिवस,
गंगापूर रोडवरचं हॉटेल, कोमट चहा
आणि सहानुभूतीची अकरा सूत्रं.
बारावं माझं स्वतःचं.
मान जराशी डावीकडे, आणि
हम्म.

त्यांना आपण खैरनार म्हणू.
खरं नाव कपाटात आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये, नोटा तपासायला.
आकडा सरकलेला, शाई फुटलेली, रेघ तुटलेली,
की नोट बाजूला.
बायको जाऊन आता पाच महिने,
आणि रात्री दोन वाजता त्यांची बोटं
चादरीची कड चाचपत बसतात.
मुलानं पाठवलं म्हणून आले होते.
चपला दाराबाहेर काढून, नको म्हटलं तरी.

तिसऱ्या भेटीत मी म्हणाले,
"तुमच्या मनावर किती ओझं असेल, मी समजू शकते."
त्यांनी अंगठा तर्जनीवर घासला,
माझं वाक्य चिमटीत धरल्यासारखा.
"मॅडम, राग मानू नका.
हे कोरं करकरीत आहे.
कुणाच्या खिशातनं गेलेलं नाही."

राग आला.
माझ्या वहीत अशा वेळेसाठी शब्द आहे: प्रतिकार.
लिहिला. खाली दोन रेघा ओढल्या.
दुसरी रेघ कागद फाडून गेली.

गुरुवारी निंबकर बाईंकडे गेले.
तीस वर्षं माणसं ऐकतात बाई,
आणि अजून एखाद्या दिवशी हरून येतात,
तसं सांगतातही.
मटार सोलत होत्या. मलाही थोडे पुढे केले.
"ते बोलले तेव्हा तू काय केलंस?"
"मान हलवली."
"हं."
बराच वेळ नुसत्या शेंगा.
मग, "तुझी आई गेली तेव्हा तुला कोण काय म्हणालं?"
मला एकही वाक्य आठवेना.
फक्त समोरच्या पगार काकू, दारात, पदराला हात पुसत:
"गॅस बंद केलास का गं?"

पुढच्या भेटीत मी वही उघडली नाही.
हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.
म्हणाले, "काका, मला नाही समजत.
माझ्या घरी दुसरी उशी नाही.
रात्री दोनला तुमच्या खोलीत काय होतं,
मला खरंच माहीत नाही."

ते काही बोलले नाहीत.
खाली रिक्षावाल्यांचं भांडण लागलं, मिटलं.
मला वाटलं, संपलं, गेले आता हे.

तेवढ्यात देवळालीकडून तोफांचा सराव सुरू झाला.
खिडकीच्या काचा थरथरल्या, सातवी चौकट तिरकी झाली,
आणि आम्ही दोघंही दचकलो,
जन्म इथे काढलेली माणसं.

"सिंधू म्हणायची,
आले बघा तुमचे पाहुणे, चहा टाकू का?
दर वेळी. एकोणचाळीस वर्षं.
मी एकदाही हसलो नाही, मॅडम."

पुढे ते रडले की नाही,
ते कपाटात आहे.
रुमाल मात्र मला शोधावा लागला,
एवढं माझं मी सांगू शकते.

आणि काही सुधारले वगैरे नाही मी.
दुसऱ्याच सकाळी ती एकोणीस वर्षांची मुलगी,
दोनदा नीट दिलेली, तिसऱ्यांदा द्यायची की नाही
याच्याशी भांडत घरात कोंडलेली,
तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत
माझी मान डावीकडे निघाली.
अर्ध्यात पकडली मी तिला.
तशीच राहिली, ना इकडे ना तिकडे.

"मॅडम, लचकली का?"
"थोडी," मी म्हणाले. "जुनं दुखणं आहे.
तू सांग."