तू थांबतेस कुठे?

योंगसानच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
निम्म्याहून जास्त गाळ्यांची शटरं खाली.
उरलेल्यांत एक क्वाक सांग-तोक.
दर दोन वर्षांनी मी त्याच्या काउंटरला टेकते
आणि तेच विचारते:
प्रोसेसरची नवी पिढी आलीय म्हणे. घेऊ का?

तो उत्तर देत नाही. चष्मा कपाळावर सरकवतो.
"आधी सांग, तू थांबतेस कुठे?"

मी लग्नांची चित्रफीत कापते.
दोन्हीकडच्या आया, एक गुलाबी हानबोकमध्ये, एक निळ्या,
पुढे येऊन मेणबत्त्या पेटवतात.
एकीची काडी हमखास विझते. ते मी ठेवते.
नंतरची भाषणं छाटते, रंग उजळते,
शेवटचं बटण दाबते
आणि एक्केचाळीस मिनिटं थांबते.

पहिल्या खेपेला त्याने डबा उघडला.
पंख्याखालून धूळ निघाली ती अशी जाड,
की चार पाय असते तर चालत गेली असती.
त्याने ती फुंकली नाही, चिमटीने उचलली.
पेस्ट बदलली. एक बऱ्यापैकी डिस्क घातली.
"जा आता. पुढच्या पिढीला ये."

दुसऱ्या खेपेला पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला.
नुसता प्रोसेसर बसत नाही,
पायांची घडण बदललीय, म्हणून बोर्ड.
बोर्ड बदलला, म्हणून मेमरी.
आणि तुझा हा कूलर, त्याचे स्क्रूही जुळणार नाहीत.
"पोटापेक्षा बेंबी मोठी," तो म्हणाला.
बारा लाख वॉन. म्हणजे माझी तीन लग्नं.
"आणि वाचणार किती? सहा मिनिटं.
सहा मिनिटांत काय करशील?"
मी प्रामाणिकपणे विचार केला.
"दात घासेन."
"मग हल्ली घासत नाहीस का?"

यंदा मार्चमध्ये गेले
तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला,
"घे."

मी त्याच्या मागे पाहिलं.
भिंतीवर रिकामे हुक.
पोस्टर होती तिथे फिकट न झालेले चौकोन.
बार्लीच्या चहाचा थर्मास एका बांधलेल्या खोक्यावर.
ही पिढी इतकी चांगली निघाली,
की याचे दिवस इतके वाईट?
विचारायचं कसं?

"मी थांबते कुठे, ते नाही विचारलंत?"

"या महिन्याअखेर मीच थांबतोय," तो म्हणाला,
आणि बोर्डाची पिशवी फाडायला कात्री शोधू लागला.

मी घेतला.
त्याने चिप दाबली नाही.
कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला
आणि तिच्याच वजनाने तिला बसू दिलं.
मग ती कडी खाली ओढताना होणारी करकर,
जी ऐकून दरवेळी वाटतं, गेलं, मोडलं.
पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.
जुना प्रोसेसर त्याने रुमालाने पुसून माझ्या हातात दिला.
"फेकू नकोस. याचं काही चुकलं नाही.
याच्यानंतर दुसरे आले, एवढंच."

घरी येऊन तेच लग्न पुन्हा लावलं, घड्याळ लावून.
सत्तावीस मिनिटं.
चौदा मिनिटं खरी निघाली.
तो खोटं बोलला नव्हता,
आणि मी तपासून पाहिलं होतं.

त्या चौदा मिनिटांचं अजून तरी काही केलेलं नाही.
दात घासायला पूर्वीइतकाच वेळ लागतो.
नखात करड्या पेस्टची रेघ होती, ती चार दिवसांनी गेली.
घरापासून योंगसानला जायला
दोन गाड्या बदलून बावन्न मिनिटं लागायची.
तीही आता वाचतात.