एक जानेवारी

अल ऐनच्या उंटबाजारामागे, टायरच्या दुकानावर आमची लॅब.
दिवसभर दात करते मी.
पटाशीचे आठ, सुळे चार, उपदाढा आठ, दाढा बारा.
वरती कवच, हाडाहून कठीण.
त्याच्या आत पिवळसर दंतिन,
त्याच्याही आत एक लहानशी खोली,
तिथे नस आणि रक्त भाडं न देता राहतात.
मी करते त्या दातांना ही खोली नसते.
भरीव असतात,
म्हणून रात्री कुणाला उठवत नाहीत.

दाद करीम आला तेव्हा बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री.
मूळचा तुर्बतकडचा बलुच, हयात उंटांत गेलेली.
खाली तीन खुंट उरलेले, वरचं दार सताड उघडं.
पासपोर्टावर जन्म: एक जानेवारी.
इथे निम्म्या मजुरांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.
वय किती, चाचा?
हसला. म्हणाला, उंटाचं विचार.

आणि खरंच घेऊन गेला खाली.
एका सांडणीचा ओठ अंगठ्याने उलटला,
पाकीट उघडावं तसा.
खाली पुढे पसरट दात, वर समोर नुसती टणक गादी,
कडेला सुळे, आणि पार मागे अंधारात
दाढांची जाती, चंद्रकोरींच्या कडांची.
"मधली जोडी पडून नवी आलीय, शेजारची अजून दुधाची.
पाच पूर्ण. सहावं चालू."
सांडणी माझ्या चपलेवर थुंकली.

खरसुंडीच्या जत्रेत असाच उभा असायचा माझा बाप.
हेड्या होता तो.
रुमालाखाली बोटांनी भाव, रुमालावर तोंडाने देवाची आण.
मला शाळेआधी शिकवलेली बाराखडी:
आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळला.
जुळला की बैल वय सांगायचं बंद करतो.
मग शिंगावरची वलयं मोजायची,
आणि ती हेडे आदल्या रात्री कानशीने घासून ठेवतात.
माझ्या टेबलावरची कानस
त्याच घराण्यातली आहे.

डॉक्टर राणियाने ठसा घेतला. मी मेणात दात मांडले,
सगळ्यात पांढऱ्या छटेचे. गिऱ्हाईकं तीच मागतात.
दाद करीमने आरशात पाहिलं,
कवळी काढून माझ्यासमोर ठेवली.
"हे तर आदत वासराचं तोंड.
मी बाजारात बसतो, पोरी.
माझ्या शब्दावर लोक जनावर नेतात."

मग किती वर्षांचे करू?

बराच वेळ बोटं घालत बसला.
आई गेली तेव्हा समोरचे दोन पडले होते माझे.
म्हणजे सहा. किंवा सात.
आई कधी गेली?
टोळ आले त्या साली.
टोळ कुठल्या साली आले, ते माझ्या फाइलीत नाही.

तेव्हा मी अंदाजाने झिजवत गेले.
नव्या दाढेवर टेकड्या असतात, मधे दऱ्या.
टेकड्या उतरवल्या, खजुराइतक्या,
मग सुक्या मासळीइतक्या,
मग भाकरीबरोबर रोज थोडी थोडी दाताखाली आलेली वाळू
साठ वर्षांत करेल तितक्या.
छटा चहाची ठेवली.
पटाशीच्या एका दाताचा कोपरा उडवला.

"हा कशाने तुटला?"
तुम्ही ठरवा.
जिभेने कोपरा चाचपत राहिला.
"दोरीने," म्हणाला. "ओली गाठ सोडताना.
उंट बसत नव्हता."
आणि त्या उंटाचं नावही सांगितलं.

पैसे तीन हप्त्यांत दिले, तिसरा अजून यायचाय.
शुक्रवारी दिसतो कधी कुंपणाला टेकून,
खजूर चघळत, जबडा कडेने फिरवत,
उंट फिरवतो तसा.

मी तर तो वरखाली बसवला होता.