दिव्यांची अवस, डंडी

आज अवस आहे, तू फोनवर म्हणालीस,
गटारी नव्हे, दिव्यांची.
मला आजवर ठाऊक होती ती पहिलीच.

वॉर्डात तुझी डबल शिफ्ट,
म्हणून यंदा दिवे घासायचे माझ्याकडे.
घरात पितळेचं एकच निरांजन
आणि लामणदिव्याची नुसती साखळी.
दिवा विमानतळावर वजनात बसला नव्हता.
'मग जे जे उजेड देतं ते मांड,' म्हणालीस,
तेवढ्यात कुठल्याशा खाटेवरची बेल वाजली
आणि तू गेलीस.

चिंच संपलेली.
पण ब्राऊन सॉसच्या लेबलावर, अगदी बारीक अक्षरात,
चिंच असते.
त्यानं घासलं.
निरांजन उजळलं, खरंच.

पाटाऐवजी ब्रेड कापायची फळी.
तिच्यावर सायकलचा मागचा लाल दिवा.
कपाळाला बांधायची माझी बॅटरी,
जिच्या उजेडात बसगाड्यांच्या पोटाखाली पडून
चौदा वर्षं मी तेलाचे थेंब मोजले.
तुझी पेनएवढी टॉर्च,
परक्या माणसांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जागवणारी.
ऋजुताचं कासव, पोटात हिरवा दिवा असलेलं.
ती आता अ‍ॅबर्डीनला असते.
अंधाराची भीती वाटत असली तरी सांगत नाही.
फ्रीजमधला दिवा काही सुटा होईना.
त्याला जागच्या जागी हळदकुंकू वाहिलं, दारावरच.

कणकेचे पाच केले, गूळ घालून.
वाफवताना दोन फुटले.
धुराच्या गजरावर तुझी शॉवर कॅप चढवली.

आणि मग बसून राहिलो.
साडेनऊ झाले तरी टे नदीवर ऊन लोळत होतं.
दिवेलागण धरायची तरी कधी?
आपल्याकडे अंधार वेळेवर येतो,
इथे त्याची वाट पाहावी लागते.

दहाला वात लावली.
तू पाठवलेलं मागणं वाचलं, चष्मा लावून,
आरोग्य झालं, आयुष्य झालं,
धनसंपदेशी आलो
आणि जिन्याखालचा मीटर पिप् पिप् करू लागला.
अठ्ठेचाळीस पेन्स.
चावी भरायची तू परवाच आठवण केली होतीस,
मी हो म्हणालो होतो.
कोपऱ्यावरचं दुकान बंद.

आधी फ्रीजची घरघर थांबली,
मग राउटरचे डोळे मिटले.
फळीवरचं मात्र कुणीच विझलं नाही.
मीटरला न विचारता जळणारे तेवढेच
नेमके तिथे येऊन बसले होते,
लाल, पांढरे, एक हिरवट,
मधोमध तुपाचं ते जरासं पिवळं, हलणारं.

मीटर म्हणाला, उसने देतो, पाच पौंड.
बटण दाबायला मी उगीचच उशीर केला.
मागणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं,
या खेपेला आकड्यांसकट:
मीटरचे पाच. ऋजुताचं ऑगस्टचं भाडं.
तुझ्या टाचांना नवे बूट, महागातले, तेच ते.
खाटेवरून बेल मारणाऱ्याला झोप.
लाजलो थोडा.
मग बटण दाबलं.

सकाळी येशील तेव्हा मी डेपोत असेन.
न फुटलेला एक ठेवलाय तुझ्यासाठी,
जळकी वात काढून, दुधाच्या मागे.
उभ्याउभ्या खाऊ नकोस.
आणि फ्रीजच्या दारावरचं कुंकू
डाग समजून पुसू नकोस.